संत तेरेजाच्या घरचा नाताळ

नाताळ अगदी दाराशी आला आहे. तरुण मंडळी गोठ्याच्या कामात रात्री जागवीत आहेत, घरोघरी नेवऱ्या आणि कुलकुलांचा घाट घातला गेला आहे आणि लहान मुलांना नव्या कपड्यांवाचून दुसरा विषय सुचत नाही. या धामधुमीत आम्हाला दरवर्षी एका दूरच्या घराची आठवण होते. ते घर फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात, लिझ्यू नावाच्या गावात आहे. बाळ येशूची संत तेरेजा तिथे वाढली.

हातात क्रूस आणि गुलाबाची फुले घेतलेली तिची तसबीर आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. ऑक्टोबर महिना उजाडला की तिच्या छोट्या मार्गावर प्रवचनेही होतात. परंतु आपल्या आयुष्याला खरे वळण कोणत्या रात्री मिळाले, हे तिने स्वतः लिहून ठेवले आहे, आणि त्या रात्रीविषयी मात्र आपण क्वचितच ऐकतो. त्या रात्री कोणतेही दर्शन घडले नाही, आकाशवाणी झाली नाही. जोड्यांची एक जोडी होती, दमलेले वडील होते आणि घरातला जिना होता. एवढेच.

ही गोष्ट नीट कळायची तर आधी त्या कुटुंबाची ओळख करून घ्यायला हवी.

तेरेजाचे वडील लुई मार्टिन हे आलांसाँ या गावी घड्याळजी होते. तरुणपणी त्यांना आल्प्स पर्वतातील संत बर्नार्ड यांच्या मठात जायचे होते, पण लॅटिन येत नाही म्हणून तिथून परत पाठवण्यात आले. आई झेली हिलाही धर्मभगिनी व्हायचे होते, तिलाही नकार मिळाला. मग तिने लेस विणण्याचा उद्योग सुरू केला. आलांसाँची लेस साऱ्या फ्रान्समध्ये नावाजलेली होती. दोघांची गाठ पडली आणि 13 जुलै 1858 रोजी मध्यरात्री त्यांचे लग्न लागले. त्यांना नऊ मुले झाली. त्यांपैकी चार लहानपणीच गेली. दोन मुलगे वर्षाचे होण्याच्या आतच गेले, एक तान्ही मुलगी गेली आणि हेलेन नावाची पाच वर्षांची मुलगी गेली. राहिल्या पाच मुली: मारी, पोलिन, लिओनी, सेलिन आणि सर्वांत धाकटी तेरेजा. तिचा जन्म 2 जानेवारी 1873 रोजी, नाताळच्या दिवसांतच झाला.

झेलीने लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. ती वाचताना हे संतांचे घर आहे असे पहिल्यांदा वाटतच नाही. कुणाला ताप आला आहे, कुणाला नवी टोपी हवी आहे, लेसची मागणी वेळेत पुरी होईल की नाही, कामाला बायका मिळत नाहीत, असल्याच गोष्टी त्यांत भरलेल्या आहेत. बाई पहाटे उठून मिस्साला जायची आणि रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली लेस जोडीत बसायची. तिचा व्याप इतका वाढला की 1870 मध्ये लुईंनी आपले घड्याळांचे दुकान विकले आणि ते बायकोच्या धंद्यात तिला मदत करू लागले. त्या काळी असे करणारे नवरे किती असतील, याचा विचार आमच्या वाचकांनीच करावा.

तेरेजा जन्मली तेव्हा आईला अंगावर पाजणे शक्य नव्हते. बाळ दगावते की काय अशी वेळ आली. तेव्हा जवळच्या खेड्यातील रोझ तायये नावाच्या शेतकरी बाईकडे तिला ठेवण्यात आले. गाई, शेत आणि मोकळी हवा यांत ती वर्षभर वाढली आणि 1874 च्या एप्रिलमध्ये गुटगुटीत होऊन घरी परतली.

घरी आल्यानंतरची तिची एक खोड आईने पत्रात लिहून ठेवली आहे. ती ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. जिना चढताना ही पोर प्रत्येक पायरीवर थांबून आईला हाक मारायची. आईने वरून ओ दिली की पुढची पायरी. जितक्या पायऱ्या तितक्या हाका. कामाच्या गडबडीत एखाद्या वेळी आईकडून उत्तर राहिले, तर मुलगी तिथेच उभी, ना वर जायची ना खाली यायची.

पुढे उत्तर देणारी आईच राहिली नाही. झेलीला स्तनाचा कर्करोग झाला आणि 28 ऑगस्ट 1877 रोजी वयाच्या 45 व्या वर्षी ती वारली. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. दफनविधीनंतर घरी आल्यावर सेलिनने थोरल्या मारीला मिठी मारून आता तूच आमची आई असे म्हटले, तर तेरेजाने पोलिनला आपली आई करून टाकले. लहान मुलांना आईवाचून राहताच येत नाही, म्हणून त्यांनी आपली व्यवस्था आपणच करून घेतली. पण त्या दिवसापासून तेरेजाचा स्वभाव पालटला. पूर्वीची हसरी, हट्टी, धीट पोर बुजरी झाली. कुणी नुसते रोखून पाहिले तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचे. रडू आवरले की आपण रडलो म्हणून पुन्हा रडायची. हे तब्बल नऊ-दहा वर्षे चालले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुई पाचही मुलींना घेऊन लिझ्यूला राहायला आले. तिथे मुलींचे मामा इझिदोर गेरँ यांचे औषधांचे दुकान होते. आईवाचून पोरक्या झालेल्या भाच्यांना मामा-मामीचा आधार मिळावा, हा हेतू होता. आपला गाव, आपले मित्र आणि आयुष्यभराची सवय सोडून 54 वर्षांचा माणूस मुलींसाठी परक्या गावी आला. बाग असलेले, गावाच्या कडेचे हे नवे घर म्हणजेच ले ब्युइसोने.

नॉर्मंडीचा हिवाळा आपल्याला कल्पनेनेच समजून घ्यावा लागेल. दुपारी चार-पाचलाच अंधार पडतो, बाहेर पाऊस नाही तर बर्फ. सारे घर शेकोटीभोवती गोळा होते. थंड मुलखात ही शेकोटी खोलीच्या भिंतीतच बांधलेली असते आणि तिचे धुराडे वर छपरातून बाहेर निघते. मार्टिनांच्या घरी संध्याकाळी आधी सोंगट्यांचा एखादा डाव व्हायचा. मग मारी किंवा पोलिन उपासनेच्या वर्षावरील पुस्तकातून त्या त्या सणाची माहिती वाचून दाखवायची, त्यानंतर एखाद्या रंजक पुस्तकाची काही पाने. या साऱ्या वेळात तेरेजाची जागा ठरलेली होती. ती बाबांच्या मांडीवर असायची. वाचन संपले की बाबा तिला झुलवीत आपल्या गोड आवाजात जुनी गाणी म्हणायचे. मग सगळे वरच्या खोलीत प्रार्थनेला जायचे. तिथेही ती बाबांच्या शेजारीच गुडघे टेकायची. प्रार्थना कशी करावी हे बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून कळायचे, असे तिने पुढे लिहिले आहे. वडील तिला लाडाने आपली छोटी राणी म्हणत.

रविवारी तर चंगळच. त्या दिवशी तिला उशिरापर्यंत झोपू देत आणि पोलिन अंथरुणातच चॉकलेटचा गरम पेला आणून देई. संध्याकाळी मामांकडे जायचे. मामा तिला मांडीवर बसवून भसाड्या आवाजात निळ्या दाढीच्या राक्षसी नवऱ्याचे गाणे म्हणत आणि ही भीतीने अर्धी होई. रात्री बाबा न्यायला येत. थंडीतून चालत घरी येताना ती आकाशाकडे पाहत राही. मृग नक्षत्रातील ताऱ्यांची ओळ तिला आपल्या नावाच्या पहिल्या अक्षरासारखी दिसे. आपले नाव स्वर्गात लिहिलेले आहे, असे ती बाबांना मोठ्या आनंदाने सांगे, आणि मग खालची रस्त्याची धूळ बघायलाच नको म्हणून डोके वर करून चाले. बाबा हात धरून नेत.

आम्ही हे सारे एवढ्या विस्ताराने का लिहितो आहोत, असे कुणी विचारील. कारण असे की, यात पैशाने विकत घ्यावे लागेल असे फारसे काहीच नाही. मार्टिन कुटुंब गरीब नव्हते, पण मुलीला आयुष्यभर पुरले ते हे: एक मांडी, एक गाणे, एक पेला आणि अंधारात धरलेला हात.

आता नाताळविषयी. फ्रान्समध्ये अशी रीत होती की नाताळच्या रात्री मुलांनी आपले जोडे शेकोटीपाशी ठेवायचे. मध्यरात्रीच्या मिस्सावरून परत यावे तो बाळ येशूने त्यांत भेटवस्तू भरून ठेवलेल्या असत. खाऊ, एखादे खेळणे, असे काहीबाही. मार्टिनांच्या घरी हा सोहळा मोठ्या हौसेने होई. तेरेजा एकेक वस्तू बाहेर काढून आनंदाने ओरडे आणि ते ओरडणे ऐकायला मिळावे म्हणूनच की काय, बाबा शेजारी उभे राहत. खरे तर ही रीत अगदी लहान मुलांची. पण तेरेजा शेंडेफळ. ती मोठी झाली तरी सेलिन तिच्यासाठी जोडे भरतच राहिली.

दरम्यान घर रिकामे होत चालले होते. 1882 च्या ऑक्टोबरमध्ये पोलिन गावातीलच कार्मेल मठात गेली. तेरेजाची ही दुसरी आईही गेली. पुढच्या वर्षी ती इतकी आजारी पडली की सर्वांनी आशा सोडली होती. 13 मे 1883 रोजी खाटेजवळच्या पवित्र मारियेच्या मूर्तीने आपल्याकडे पाहून स्मित केल्याचे तिने पाहिले आणि ती बरी झाली. 1886 च्या ऑक्टोबरमध्ये मारीही कार्मेलमध्ये गेली. लिओनीने क्लारा भगिनींच्या मठात जाऊन पाहिले, पण तिला ते जीवन झेपले नाही आणि डिसेंबरच्या सुरुवातीस ती घरी परतली. घरात आता वडील आणि तीन मुली.

अशा घरात 1886 सालचा नाताळ आला. सारे जण मध्यरात्रीच्या मिस्साला कॅथेड्रलमध्ये गेले. तेरेजाने ख्रिस्तशरीर स्वीकारले. मंडळी घरी परतली. लुई तेव्हा 63 वर्षांचे होते. थंडी, जागरण, त्यात दोन मुली घरात नसलेला नाताळ. शेकोटीपाशी त्यांना नेहमीचे जोडे दिसले. पुढच्या आठवड्यात तेरेजाला 14 वे वर्ष पूर्ण होणार होते. ते काहीसे त्रासून पुटपुटले की, बरे झाले, निदान हे शेवटचे वर्ष आहे.

तेरेजा टोपी काढून ठेवण्यासाठी जिना चढत होती. तिने ते ऐकले.

इथे आम्हाला वडिलांना दोष द्यावासा वाटत नाही. ज्या माणसाने मुलींसाठी गाव सोडले आणि रोज रात्री गाणी म्हटली, तोही एखाद्या रात्री थकतो. घरातल्या आनंदाचे ओझे कुणीतरी वाहत असते आणि वाहणाऱ्याचा खांदा कधीतरी दुखतो. पण ऐकणारीच्या काळजाला ते शब्द लागायचे ते लागलेच. मागून येणाऱ्या सेलिनने बहिणीच्या डोळ्यांत पाणी पाहिले. पुढे काय होणार हे तिला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. तिने कळवळून सांगितले की तू इतक्यात खाली जाऊ नकोस, आत्ता जोड्यांत पाहशील तर तुला फार रडू येईल.

आणि तेरेजा खाली गेली. डोळे पुसले, छातीतली धडधड दाबली, भरभर पायऱ्या उतरली, जोडे उचलून बाबांपुढे ठेवले आणि एकेक वस्तू काढून पूर्वीसारखीच आनंदाने ओरडू लागली. लुई हसू लागले. त्यांचा त्रासिकपणा कुठल्या कुठे पळाला. आपण स्वप्न तर पाहत नाही ना, असे सेलिनला वाटले.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्हालाही वाटले होते की यात एवढे काय आहे? तेरा वर्षांची मुलगी एकदा रडली नाही, याला काय कृपा म्हणायचे? पण तेरेजा लिहिते की दहा वर्षे प्रयत्न करून जे तिला जमले नव्हते, ते प्रभूने त्या रात्री एका क्षणात केले. आईच्या मृत्यूच्या वेळी हरवलेले मनाचे बळ तिला परत मिळाले. त्या क्षणी तिने स्वतःच्या दुःखापेक्षा बाबांच्या थकव्याकडे पाहिले. जी मुलगी वरून ओ आल्याशिवाय पायरी चढत नव्हती, ती कुणी हाक न मारता सगळा जिना उतरून खाली आली होती. (त्याच 25 डिसेंबरच्या सायंकाळी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये पॉल क्लोडेल या तरुण कवीला श्रद्धेचा साक्षात्कार झाला. त्याचे मोठे कौतुक झाले. लिझ्यूतील जोड्यांची वार्ता त्या दिवशी घराबाहेरही गेली नाही.)

पुढच्या उन्हाळ्यात तिने वडिलांकडे कार्मेलमध्ये जाण्याची परवानगी मागितली. त्यांनी रडत रडत दिली. वय लहान म्हणून धर्माधिकारी तयार होईनात. तेव्हा ते तिला रोमला घेऊन गेले आणि तिने पोप लिओ तेरावे यांच्या पायाशी बसून विनंती केली. 1887 चा नाताळ उजाडला तरी होकार आलेला नव्हता. त्या रात्री मिस्सावरून परत आल्यावर तिला आपल्या खोलीत सेलिनने केलेली गंमत दिसली. पाण्याने भरलेले एक घंगाळे, त्यात एक छोटीशी होडी, होडीत झोपलेला बाळ येशू आणि त्याच्याजवळ एक चेंडू. घरच्या वस्तूंतून बहिणीने बहिणीसाठी केलेली ही भेट तेरेजा कधीच विसरली नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी परवानगी मिळाल्याचे कळले आणि 9 एप्रिल 1888 रोजी ती कार्मेलमध्ये दाखल झाली.

10 जानेवारी 1889 रोजी तिला मठाचा झगा मिळाला. तिला बर्फ फार आवडे आणि त्या दिवशी बर्फ पडावा अशी तिची इच्छा होती, पण हवा उबदार होती. वडिलांच्या हाताला धरून ती वधूवेशात चर्चमध्ये गेली. विधी आटोपून मठात परत शिरते तो अंगण पांढरेशुभ्र झालेले. वडिलांबरोबरचा हा तिचा शेवटचा सण ठरला. लुईंना आधीच पक्षाघाताचे झटके आले होते, आता बुद्धीवरही परिणाम होऊ लागला. महिन्याभरातच, फेब्रुवारीत, त्यांना कां या शहरातील मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले. तिथे ते तीन वर्षांहून अधिक काळ राहिले. गावात लोक कुजबुजत की धाकट्या मुलीच्या मठात जाण्यानेच त्यांचे असे झाले. ते बोलणे तेरेजाच्या कानावर येई आणि ती ते मुकाट्याने सोशी. 29 जुलै 1894 रोजी लुई वारले. शेवटपर्यंत त्यांची सेवा करणारी सेलिन त्यानंतर कार्मेलमध्ये आली आणि चार बहिणी पुन्हा एका छपराखाली आल्या.

त्याच हिवाळ्यातील एका संध्याकाळची गोष्ट. मठात शेकोटी एकाच खोलीत असे आणि तेरेजाला थंडीचा अतोनात त्रास होई. शेकोटीपाशी बसून बहिणी लहानपणच्या आठवणी काढीत होत्या आणि तेरेजा त्या अशा रंगवून सांगत होती की सगळ्या हसत होत्या. मारीच्या मनात आले की हे लिहून ठेवायला हवे. पोलिन तेव्हा मदर आग्नेस या नावाने मठप्रमुख होती. मारीच्या आग्रहावरून तिने तेरेजाला लिहिण्याची आज्ञा केली. 1895 या सालात, दिवसभराची कामे उरकल्यावर, तेरेजाने साध्या वहीत बाबांची मांडी, रविवारचे चॉकलेट, आकाशातले अक्षर आणि शेकोटीजवळचे जोडे हे सारे लिहिले. ज्या बाबांचे ते पुटपुटणे तिने लिहिले, ते जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

त्या वर्षीच्या नाताळला तिने भगिनींसाठी एक छोटा कार्यक्रमही रचला. बाळ येशू भिकारी होऊन आला आहे आणि प्रत्येक भगिनीने एकेक चिठ्ठी उचलायची. तो तिच्याकडे काय मागतो, ते त्या चिठ्ठीत. लहानपणी त्याने जोडे भरले होते, आता मागायची पाळी त्याची होती.

20 जानेवारी 1896 रोजी तिने वही मदर आग्नेसच्या हाती दिली. मदर आग्नेसने ती बाजूला ठेवली आणि दोन महिने उघडलीही नाही. त्याच वर्षी पवित्र आठवड्यात तेरेजाला पहिल्यांदा रक्ताची उलटी झाली. क्षयाने ती 30 सप्टेंबर 1897 रोजी वारली, वय अवघे 24. वर्षभरानंतर तिच्या लिखाणाच्या 2000 प्रती छापण्यात आल्या. इतक्या प्रती कोण घेणार अशी मठात काळजी होती. पुढे काय झाले ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. 1925 मध्ये तिला संतपद मिळाले. 1927 मध्ये मठाबाहेर न पडलेल्या या मुलीला मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने मान देण्यात आला. जुन्या गोव्यात विसावलेले आपले झेवियर हजारो मैल समुद्र ओलांडून आले होते. ती जिना उतरून आली होती.

18 ऑक्टोबर 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली या दोघांना एकत्रच संत म्हणून घोषित केले. पती-पत्नीला एकाच वेळी संतपद मिळण्याची ती पहिलीच वेळ. लिझ्यूतील ते घर जपून ठेवलेले आहे. खाली जेवणाची खोली आणि तिची शेकोटी, वर मुलींच्या खोल्या, आणि काचेच्या आड तेरेजाची लहानपणची खेळणी.